वडिलांसाठी बाहेरून न दिसणारं कानाचं मशीन कोणतं घ्यावं?

न दिसणारं घेऊ नका. खरं उत्तर एवढंच. पण वडील ७१ वर्षांचे, शेतकरी, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, बजेट ५० हजार, एवढं लिहून शेवटी तुम्ही ‘दिवाळीनंतर भावाचं लग्न आहे, पाहुण्यांना दिसायला नको’ असं टाकलंत. तिथे माझं जुनं दुखणं निघालं, त्यामुळे लांबण लागणार आहे.

मी धरणगावचा. हयात जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात गेली, फिटर म्हणून. डबल रोलर यंत्रांची रांग एकदा सुरू झाली की शेजारचा काय बोलतोय ते ओठांवरून ओळखायचं, नाहीतर हाताने खुणा करायच्या. दसऱ्यानंतर हंगाम लागला की संध्याकाळी घरी येताना कानात किर्र वाजत असायचं, सकाळपर्यंत उतरायचं. पुढे ते उतरेनासं झालं. जळगाव जिल्ह्यातल्याच दहा जिनिंग कारखान्यांत मोजणी करून २०११ साली एक शोधनिबंध छापून आला होता, त्यात आवाज ८९ ते १०६ डेसिबल निघाला. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमात आठ तासांच्या पाळीला ९० ची हद्द आहे. आम्ही धुळीसाठी तोंडाला रुमाल बांधायचो, कान मात्र उघडे. कानात कापसाचा बोळा तरी घाला असंही मालकाने कधी म्हटलं नाही, आणि कापसाला तिथे काय तोटा होता?

अशा आवाजाने माणूस एकदम बहिरा होत नाही. आधी बारीक, म्हणजे उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त, थ, क ही अक्षरं पुसट होतात, आ-ओ मात्र ठणठणीत ऐकू येतात. त्यामुळे ‘ऐकू येतं पण कळत नाही’ अशी गत होते. सौ. म्हणायची, तुम्हाला हवं ते बरं ऐकू येतं. ट्रॅक्टर ऐकू यायचा, गल्लीतलं कुत्रं ऐकू यायचं, म्हणून तिला वाटायचं मी सोंग करतो. तुमच्याकडेही वडिलांबद्दल कोणी असं बोलत असेल तर आधी त्याचं तोंड बंद करा.

आता दुखण्याचं. मोठ्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. स्थळ आमच्या साडूंनी आणलेलं, म्हणजे साडू त्या दिवशी घराचे मालक. माझ्या दोन्ही कानांमागे मशीन होती, कानामागचीच, चांगली दिसणारी. साडू आले, पाणी प्यायच्या आधी कानाकडे बघितलं आणि म्हणाले, “हे काढी ठेवा आजना दिवस.” मी म्हटलं, काढली तर पाहुणे काय विचारतात ते मला कळणार कसं? बापानेच चुकीची उत्तरं दिलेली चालतील का? त्यावर त्यांनी तोडगा काढला, “मंग टोपी वढी ल्या कानवर. कोनले काय समजस?”

घरात वाद नको म्हणून टोपी ओढली. ज्यांनी मशीन वापरलंय त्यांना पुढचं कळलं असेल. मशीनचा माइक कानामागे असतो, त्यावर टोपी, उशी, हात काहीही दाबून बसलं की कानातून निसटलेला आवाज परत माइकमध्ये जातो आणि मशीन शिट्टी मारतं. पोह्यांच्या बशा फिरत होत्या. मुलाचे काका कपाशीच्या भावाचं काहीतरी विचारत होते, मी मान पुढे केली आणि सुरू झालं, कुईंऽऽऽ. मला स्वतःला ती शिट्टी नीट ऐकू येत नव्हती, गंमत बघा. सगळे आपापले मोबाईल चाचपायला लागले. एका पोराने मांजर शोधायला पलंगाखाली बघितलं. साडूंचा चेहरा तव्यासारखा तापला.

मी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि सांगितलं की शिट्टी माझ्या कानाची आहे, जिनिंगमध्ये कान गेले, मशीन लावतो. मुलाची आई शहाणी बाई होती. तिने सरळ विचारलं, “हे तुमच्या घराण्यात आहे का?” असा प्रश्न राग येण्यासारखा वाटतो, पण मला बरं वाटलं. मनात तेच असतं सगळ्यांच्या, फक्त ती बोलली. मी कपाटातून फाईल आणून पहिला ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख दाखवला. बारीक आवाजाकडे जाताना रेघ ४००० हर्ट्झला खड्ड्यात पडते आणि ८००० ला पुन्हा वर येते. मोठ्या आवाजाने कान गेले की सहसा असा खड्डा दिसतो, आणि डॉक्टरांनी कारण खाली लिहिलेलंही होतं. बाईंनी कागद नीट बघितला, मुलीला दोन प्रश्न विचारले, कार्यक्रम पार पडला. जाताना काकांनी माझ्याशी तोंडासमोर येऊन, सावकाश बोलून निरोप घेतला.

म्हणून सांगतो, दिसलं पाहिजे. दिसलं की समोरचा तोंड वळवून बोलतो, एकदा जास्त सांगतो. कानात लपवलं की तुम्ही उत्तर दिलं नाही तर ‘म्हातारा माजलाय’ नाहीतर ‘डोकं गेलंय’, दोन्हीपैकी एक. लग्नात तुमचे वडील व्याह्यांनी विचारलेल्या प्रश्नाला नुसतं हसून मान डोलावतील ते शोभून दिसेल, की कानामागे बोटभर मशीन दिसलेलं?

आणि दिसण्याचा विषय सोडला तरी शेतकरी माणसाला ते बारकं मशीन नकोच. पूर्ण कानात जाणाऱ्या मशीनला बहुतेक वेळा १० नंबरची, पिवळ्या खुणेची बॅटरी लागते, ज्वारीच्या दाण्याहून जेमतेम मोठी. ती आठवडाभरही मुश्किलीने जाते. कानामागच्याला १३ नंबरची नारिंगी येते, ताकदीच्या मशीनला ६७५ ची निळी, ती बोटात धरता येते. कान फार गेले असतील तर बारक्या मशीनचा जोर पुरत नाही, मळाने ते लवकर तुंबतं, आणि कान पूर्ण बंद झाल्यामुळे स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. बारीक आवाज गेलेत पण जाडे ठीक आहेत, असं असेल तर कानामागचं आणि कानात उघडी रबरी टोपी, असं सहसा जास्त सोयीचं पडतं.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळा हिशेब मागतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या पुढे गेला की कानामागून घामाची धार लागते आणि मशीन बंद पडतं. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून सिलिका जेलच्या डबीत टाकायचं. या बॅटऱ्या हवेवर चालतात, स्टिकर काढला की सुरू होतात आणि परत चिकटवून थांबत नाहीत. म्हणून आजची आजच काढा आणि स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा खाऊ द्या. चार्जिंगचीही मशीन आहेत, पण तुमच्या गावात भारनियमन कसं आहे ते तुम्हाला माहीत.

कंपनी विचारलीत. नाव सांगणार नाही, कारण मशीन ऑडिओग्राम बघून बसवतात, आणि बसवणारा चांगला नसेल तर महागडंही फडताळात जाऊन पडतं. ऑडिओलॉजिस्टची, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवणाऱ्याची, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. बारीक-जाड आवाजांशिवाय शब्दांचीही तपासणी करायला सांगा आणि वडील घरी अहिराणी बोलत असतील तर तेही सांगा, नाहीतर ते ऐकू येऊनही शब्द न कळल्याने गप्प बसतील. दोन्ही कान गेलेत तर दोन्हीला घ्या. एकाच कानाला घेतलं तर आवाज कुठून आला ते कळत नाही, मागून मोटारसायकल आली की माणूस भलत्याच बाजूला सरकतो. ५० हजारांत दोन कानांचं, फार नखरे नसलेलं मिळू शकतं. आणि पैसे देण्याआधी बॅटरी वडिलांना स्वतःच्या हाताने काढून घालायला लावा. तुम्ही मदत करायची नाही.

पैशाची अडचण असेल तर दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना आहे, आणि गरीब ज्येष्ठांसाठी २०१७ पासून वयोश्री, तिच्यातही कानाचं मशीन येतं. दिव्यांग प्रमाणपत्राला मात्र २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची हद्द आहे, थोडं कमी ऐकू येतं एवढ्यावर ते होत नाही. धुळ्याच्या आणि जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजात कान-नाक-घसा विभाग आहे, सुरुवात तिथून करा.

खरं तर हे आधी लिहायला हवं होतं: मशीनच्या दुकानात जायच्या आधी कान डॉक्टरला दाखवा. कधी नुसता मळ असतो. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल तर उपचार वेगळा. गरम तेल ओतू नका, आजीने सांगितलं तरी. आणि कान एका दिवसात अचानक गेला असेल, विशेषतः एकच, तर लग्नाबिग्नाचं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्याची औषधं पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात, नंतर फार हाती लागत नाही.

पहिले काही आठवडे भांडी, फरशी, पंखा, सगळंच अंगावर येईल. वडील चिडतील. आधी घरात, एका माणसाशी, टीव्ही बंद करून. मळ्यातल्या भरीत पार्टीला पहिल्याच दिवशी नेऊ नका, आणि लग्नातल्या डीजेसमोर तर मशीन काढूनच ठेवा.

फोनचं राहिलं. कानामागचं मशीन असेल तर फोन नेहमीसारखा कानाच्या भोकाला लावायचा नाही, थोडा वर सरकवून मशीनच्या माइकजवळ धरायचा. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आमचे साडू इथे येऊन वाचत असतात आणि ते स्थळ माझ्या शिट्टीमुळे मोडलं असं आजही दर लग्नात सांगत फिरतात. माझी मुलगी इथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तो मुलगा नाशिकला. आंतरजिल्हा बदली होईपर्यंत किती वर्षं थांबायचं, असं मुलाच्या आईने मला स्वतः फोन करून सांगितलं. फोन मशीनच्या माइकला लावलेला होता, आणि साडू, त्या दिवशी मला शब्द न् शब्द ऐकू आला.