गोल्फ कोर्स वाचवायला सही करू का? आणि मोकळ्या जागांबद्दलचे तुमचे आणखी प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही ऑस्टिनला राहतो, भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये. जवळच लायन्स म्युनिसिपल गोल्फ कोर्स आहे, इथे सगळे त्याला म्युनी म्हणतात. जागा टेक्सास युनिव्हर्सिटीची आणि चालवते सिटी. युनिव्हर्सिटीला ती जागा परत घेऊन डेव्हलप करायचीय अशी चर्चा आम्ही आलो तेव्हापासून ऐकतोय, आणि 'सेव्ह म्युनी'वाले सह्या मागतात. आमचा मुलगा तिथे खेळायला जातो. पण नवरा म्हणतो, गोल्फ म्हणजे पैसेवाल्यांचा खेळ, तेवढ्या जागेत किती घरं होतील, आपलंच भाडं बघ कुठे गेलंय. मला दोन्ही पटतं. सही करू की नको?
– एक वाचक, ऑस्टिन

उत्तर : करा सही. पण का ते नीट सांगते, कारण तुमच्या मिस्टरांचा प्रश्न अजिबात चुकीचा नाही आणि तो बाजूला ठेवून सही करण्यात अर्थ नाही.

आधी त्या जागेचं बघूया. १९१० मध्ये जॉर्ज ब्रॅकनरिज नावाच्या सॅन अँटोनियोच्या बँकरनी कोलोरॅडो नदीकाठची सुमारे ५०० एकर जमीन युनिव्हर्सिटीला दान दिली. कॅम्पस तिकडे हलवावा अशी त्यांची इच्छा होती, ते काही झालं नाही. मग त्यातल्या सुमारे १४१ एकरांवर लायन्स क्लबनी १९२४ मध्ये गोल्फ कोर्स सुरू केला आणि पुढे १९३० च्या दशकात तो सिटीकडे आला. म्हणजे शंभर वर्षं झाली, कुणाचीही मेंबरशिप न घेता, ठरलेली फी भरून कोणीही तिथे जाऊन खेळू शकतं (काळ्या लोकांना मात्र हे १९५० नंतरच, ते पुढे सांगते). पैसेवाल्यांचा खेळ असं आपण म्हणतो ते प्रायव्हेट क्लबांकडे बघून, आणि त्यांच्याबद्दल ते खरंच आहे, पण म्युनिसिपल कोर्स हा वेगळाच प्रकार आहे. तिथे प्लंबर पण खेळतो, रिटायर्ड शिक्षक पण खेळतात आणि तुमचा मुलगा पण. बेन क्रेनशॉ, ज्यांनी १९८४ आणि १९९५ ला मास्टर्स ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकली, ते ऑस्टिनचेच, लहानपणी म्युनीवर खेळलेले आणि आजही म्युनी वाचवायला जाहीरपणे उभे आहेत.

पण माझ्या मते खरं कारण हे नाहीच. खरं कारण १९५० सालच्या शेवटाला घडलं. तेव्हा टेक्सासमध्ये काळ्या लोकांना बागा वेगळ्या, शाळा वेगळ्या, आणि ऑस्टिनच्या १९२८ च्या मास्टर प्लॅननी तर त्यांना शहराच्या पूर्वेकडे ढकलायचं धोरणच केलेलं होतं. अशात दोन काळी मुलं, कॅडीचं म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्या वाहायचं काम करणारी, सरळ म्युनीवर गेली आणि खेळायला लागली. सिटी हॉलला फोन गेला, काय करायचं विचारायला, आणि तेव्हाचे मेयर टेलर ग्लास यांनी काउन्सिलमधल्या लोकांशी बोलून ठरवलं की त्यांना अडवायचं नाही, खेळू द्यायचं. बस, एवढंच. ना कोर्ट, ना पोलिस. त्यानंतर पूर्व ऑस्टिनमधले लोक शहर ओलांडून तिथे खेळायला यायला लागले. दक्षिणेतल्या जुन्या कॉन्फेडरेट, म्हणजे गुलामगिरी टिकवायला अमेरिकेतून फुटलेल्या, राज्यांमध्ये वर्णभेद मोडणारा पहिला म्युनिसिपल गोल्फ कोर्स म्हणून म्युनी ओळखला जातो तो यामुळे.

याची किंमत कळायची असेल तर त्याच काळातलं ग्रीन्सबोरो बघा, नॉर्थ कॅरोलायनातलं. तिथे १९५५ च्या डिसेंबरमध्ये सहा काळे लोक फी ठेवून सार्वजनिक कोर्सवर खेळले तर त्यांना अटक झाली आणि पुढे तो कोर्सच काही वर्षं बंद ठेवला गेला! त्यांना खेळू देण्यापेक्षा मैदान बंद केलेलं बरं, असा विचार. अटलांटाच्या गोल्फ कोर्सचं प्रकरण त्याच वर्षी सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. आणि व्यावसायिक गोल्फरांच्या पीजीए संघटनेच्या नियमांत तर 'फक्त गोऱ्यांसाठी' ही अट १९६१ पर्यंत होती. महाडचं तळं ज्यांनी शाळेत वाचलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तिथेही नगरपालिकेनी ठराव करून तळं खुलं केलेलं होतंच, पण प्रत्यक्ष पाण्याला हात लावायला १९२७ उजाडावं लागलं. जागा सार्वजनिक आहे असं कागदावर असणं आणि तिथे प्रत्येकाला पाय ठेवता येणं यात केवढं अंतर असतं ते आपल्याला माहितीय, म्हणून जिथे ते अंतर खरोखर मिटलं ती जमीन मला तरी बुलडोझरखाली गेलेली बघवणार नाही.

२०१६ मध्ये म्युनीची नोंद नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेसमध्ये, म्हणजे ऐतिहासिक स्थळांच्या सरकारी यादीत झाली. आता वाचलाच म्हणायचं का? तर नाही. हा गैरसमज फार लोकांचा आहे. त्या नोंदीनी मान मिळतो, पण मालकानी स्वतःच्या पैशानी आणि फेडरल मंजुरी न लागता बांधायचं ठरवलं तर नुसत्या नोंदीनी ते थांबत नाही. युनिव्हर्सिटीच्या रीजंट्सनी, म्हणजे नियामक मंडळानी, २०११ मध्येच ठरवलं होतं की २०१९ ला सिटीबरोबरचं लीज संपलं की पुढे द्यायचं नाही, आणि २०१९ नंतर गाडी मुदतवाढीवर चाललीय. म्हणून सह्यांची गरज आहे.

आता घरांचं. युनिव्हर्सिटीची बाजू अशी की जमीन शिक्षणासाठी मिळालीय, तिच्यातून उत्पन्न यायला हवं, आणि ते सरळ खोटं ठरवता येत नाही. पण पश्चिम ऑस्टिनमध्ये, नदीच्या एवढ्या जवळ, बाजारभावानी लीजवर दिलेल्या जमिनीवर जे बांधलं जाईल ते तुम्हाला परवडेल का? जिथे परवडणारी घरं बांधायची लेखी अट नाही तिथे 'घरं की गोल्फ' हा प्रश्नच मला फसवा वाटतो. घरांसाठी रस्त्यालगतच्या जुन्या दुकानांच्या, पार्किंगच्या जागा वापरता येतात, उंच बांधता येतं. शंभर वर्षांची मोकळी जमीन आणि तिच्यावरचे जुने लाइव्ह ओक मात्र एकदा गेले की गेले.

सही करताना एक मात्र करा, सोबत मागणीही करा की ही जागा न खेळणाऱ्यांसाठीही उघडा. कडेनी चालायचा रस्ता, आठवड्यातला ठराविक वेळ सगळ्यांना, शाळांच्या मुलांना कमी फीत खेळ. हे काही स्वप्नरंजन नाही. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज, गोल्फची पंढरीच म्हणा, तिथला ओल्ड कोर्स एरवी रविवारी खेळासाठी बंद असतो आणि गावातले लोक कुत्री घेऊन, पोरांना घेऊन त्याच गवतावर फिरतात. सिडनीत मूर पार्कच्या १८ होलच्या पब्लिक कोर्सची जवळपास निम्मी जागा पार्कला देऊन ९ होल ठेवायचं तिथल्या राज्य सरकारनी २०२३ मध्ये जाहीर केलं. गोल्फवाले चिडले, साहजिक आहे, पण जमीन लोकांकडेच राहिली हे महत्त्वाचं. मिस्टरांना हे सांगून बघा.

प्रश्न : महालक्ष्मी रेसकोर्सवर मी लग्न होऊन आले तेव्हापासून चालायला जाते. आता तिथे सेंट्रल पार्क होणार म्हणून सगळे खूश आहेत, मला का कोण जाणे धास्तीच वाटते. उगाच का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : उगाच नाही. लीज २०१३ मध्येच संपलं होतं, आणि २०२४ मध्ये ठरलं की २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेकडे आणि ९१ एकर रेसकोर्स चालवणाऱ्या टर्फ क्लबकडे ३० वर्षांच्या लीजवर. महापालिकेच्या १२० एकरांना कोस्टल रोडची मोकळी जागा जोडली की पार्कला जवळजवळ ३०० एकर होतात. कागदावर हे खूप छान आहे, मुंबईसारख्या शहराला एवढी जागा मिळणं म्हणजे भाग्यच, आणि क्लबच्या ताब्यातली जमीन सार्वजनिक होतेय याचं मी मनापासून स्वागत करते.

धास्ती आहे ती पार्क म्हणजे नक्की काय याची. जमिनीखाली क्रीडासंकुल करायचा प्रस्ताव मांडला गेलाय. आता बघा, खाली स्लॅब आणि वर माती असली की वडासारखी मोठी झाडं नीट वाढत नाहीत, मुळांना खोली मिळत नाही, आणि पावसाचं पाणी मुरायला खाली जमीनच उरत नाही. मुंबईत जुलैमध्ये पाणी मुरणारी जागा किती राहिलीय ते तुम्हीच रोज बघता. त्यामुळे 'पार्क होणार' एवढ्यावर समाधान मानू नका, आराखडा मागा. किती एकरांखाली बांधकाम, किती झाडं हलवणार, गेट किती वाजता उघडणार, फी आहे का. आणि काम चालू असताना चालणाऱ्यांसाठी ट्रॅक उघडा राहणार का, हे तर आत्ताच लेखी विचारा, कारण तात्पुरतं बंद केलेलं गेट परत उघडायला फार वर्षं लागतात.

प्रश्न : तुम्ही गोल्फ कोर्सच्या बाजूनी लिहिता. मग आमच्या सीवूड्सला गोल्फ कोर्स होत होता त्याला लोकांनी विरोध का केला? हिरवळच होती ना ती?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : कारण तिथे आधीपासून जे होतं ते जास्त मोलाचं होतं. पाणथळ जागा, खारफुटी, फ्लेमिंगो. त्या जागेवर गोल्फ कोर्स आणि सोबत रहिवासी टॉवर असा बेत होता, २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानी त्यासाठीचा जमीनवापरातला बदल रद्द केला आणि मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. लॉन हिरवं दिसतं म्हणून ते निसर्ग होत नाही, त्याला पाणी लागतं, खत लागतं, मशिन लागतं. मी गोल्फच्या बाजूनी नाहीच मुळी, मी मोकळ्या सार्वजनिक जमिनीच्या बाजूनी आहे. ऑस्टिनला गोल्फ कोर्समुळे जमीन बांधकामापासून वाचतेय, सीवूड्सला गोल्फ कोर्सच्या नावाखाली ती बांधकामाला जात होती. त्यामुळे दोन्हीकडे उत्तर वेगळं.

प्रश्न : आमच्या कॉलनीतला प्लॉट डीपीमध्ये (शहराच्या विकास आराखड्यात) खेळाच्या मैदानासाठी आरक्षित आहे. आता तिथे मंगल कार्यालय होणार असं ऐकतोय. नगरसेवक म्हणतात, सगळं वरून ठरलंय. काही करता येतं का?
– एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : येतं, पण लवकर करा. आरक्षण बदलायचं तर एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ च्या कलम ३७ खाली राजपत्रात नोटीस द्यावी लागते, हरकती मागवाव्या लागतात आणि त्याला एक महिन्याची मुदत असते. ही नोटीस आली कधी आणि गेली कधी ते लोकांना कळतच नाही, म्हणून आजच माहिती अधिकारात डीपीचा त्या भागाचा नकाशा, प्लॉटचं सध्याचं आरक्षण आणि फेरबदलाचा प्रस्ताव असल्यास त्याची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

'वरून ठरलंय' याला घाबरू नका. बंगळुरूत सार्वजनिक उद्यानासाठी राखलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून खासगी नर्सिंग होमला दिली होती, रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टानी ते वाटप रद्द ठरवलं. बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा, असं त्या निकालाचं नाव आहे, हरकतीत त्याचा उल्लेख जरूर करा. एका कॉलनीच्या एका अर्जापेक्षा घरटी वेगळी हरकत द्या, मैदानावर रोज कोण येतं, किती वाजता येतं ते त्यात लिहा, मुलं खेळतानाचे तारखेचे फोटो जोडा. प्रत्येक हरकतीच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घ्या आणि सुनावणीची तारीख लागली की कामावर सुट्टी टाकून सगळे मिळून जा.