आईला मधुमेह आहे. तिच्या तळपायांची आग आणि डोळ्याच्या पडद्याला सूज, दोन्हींवर एकच औषध चालेल का?

नाही. तुमच्या आईंची दोन्ही दुखणी मधुमेहाचीच असली, तरी पायांची गोळी डोळ्याला लागू पडत नाही.

आगीसाठी प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन देतात. तिन्ही वेदना दाबतात, नस दुरुस्त करत नाहीत. म्हणून आग शमली तरी बधिरपणा राहतो आणि घरच्यांना वाटतं, औषध फुकट गेलं. त्याहून मोठी गफलत डोसची. प्रीगॅबालिन रात्री ७५ मिलिग्रॅमने सुरू होतं आणि महिनोन्‌महिने तिथेच अडकतं. अनेकांना गुण येतो तो दिवसाला १५० ते ३०० वर. चक्कर, गुंगी येते, म्हणून हळूहळू चढवायचं. ते किडनीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर डोस कमी ठेवतात. ड्युलोक्सेटिन ३० ने सुरू करून आठवड्याने ६०. जेवणानंतर घेतलं की मळमळ कमी. लिव्हरचा आजार असेल तर ते नको. अमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅमपासून, पण लघवी अडकत असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तर टाळतात. यातलं काहीच एकदम बंद करू नका.

मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू आहे का? मग बी१२ जीवनसत्त्व तपासा. ते कमी पडलं तरी पाय असेच त्रास देतात. पातळी नीट असताना मात्र ‘नसांची गोळी’ म्हणून मिथाइलकोबालामिन (बी१२चाच एक प्रकार) घेत राहण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

पडद्याच्या मधोमध सूज येऊन नजर उतरली असेल तर डोळ्यात रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट किंवा बेव्हॅसिझुमॅब टोचतात. असर आठवड्यांचा असतो, म्हणून सुरुवातीला दर महिन्याला इंजेक्शन आणि मग ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) पाहून अंतर वाढवतात. एक-दोन घेऊन सोडलं तर सूज परतते. हल्लीच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. टोचल्या जागी लाल डाग पडला तर घाबरू नका. पण पुढच्या काही दिवसांत दुखणं वाढलं, नजर धूसर झाली, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.

साखर उतरवायची घाईही नडते. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) १२ वरून दोन-तीन महिन्यांत ७ वर आणलं तर पडदा तात्पुरता बिघडू शकतो, कधी पायांची आगही भडकते. इन्सुलिन किंवा सेमाग्लुटाइड (साखर उतरवणारं औषध) सुरू करण्याआधी पडदा तपासून घ्या. मधुमेहाच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा: त्याने पडद्याची सूज वाढू शकते, आणि प्रीगॅबालिनच्या जोडीने पायांचीही.