ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याने इतके वेगवेगळे मुलूख केवळ सोयरिकी करून मिळवले का?

तुम्ही प्रश्नासोबत ती प्रसिद्ध लॅटिन ओळ दिली आहे : "इतरांना लढू दे, भाग्यवान ऑस्ट्रिया, तू लग्नं कर." पुढे विचारलंय की जर्मन, चेक, हंगेरियन, क्रोएशियन असे सगळे लोक एका राजाखाली मुकाट्याने कसे आले.

मुकाट्याने कोणीच आलं नाही. लग्नामुळे हॅब्सबर्गांच्या हाती फक्त दावा आला. मुकुट मिळवायला दारोदार घासाघीस करावी लागली, आणि या साम्राज्याचा सगळा स्वभाव त्या घासाघिशीत घडला असं माझं मत आहे.

आधी लग्नाचंच घेऊ, कारण तो किस्सा सांगण्यासारखा आहे. २२ जुलै १५१५, व्हिएन्नाचं सेंट स्टीफन कॅथेड्रल. हंगेरी आणि बोहेमिया (म्हणजे चेक लोकांचा मुलूख, राजधानी प्राग) या दोन्ही राज्यांवर तेव्हा यागेलो घराण्याचा व्लादिस्लाव्ह राजा होता. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा लुई आणि हॅब्सबर्ग सम्राट मॅक्सिमिलियनची नात मेरी यांचं लग्न ठरलं. व्लादिस्लाव्हची मुलगी ॲना द्यायची होती मॅक्सिमिलियनच्या नातवाला. पण कोणत्या नातवाला, थोरल्या चार्ल्सला की धाकट्या फर्डिनांडला, हेच ठरलं नव्हतं. मग छप्पन्न वर्षांचे आजोबा स्वतःच नवरदेवाच्या जागी उभे राहिले. शेजारी ॲना, जिला दुसऱ्या दिवशी बारावं वर्ष पूर्ण होणार होतं. वर्षभरात दोघांपैकी एकाही नातवाशी जमलं नाही तर मॅक्सिमिलियन स्वतः तिच्याशी लग्न करेल, अशीही अट होती. सुदैवाने ती वेळ आली नाही. १५२१ मध्ये लिंझला फर्डिनांडशी तिचं लग्न लागलं.

हा फर्डिनांड जन्मला आणि वाढला स्पेनमध्ये. ऑस्ट्रियात आला तेव्हा त्याला जर्मन धड येत नव्हतं, भोवती स्पॅनिश सल्लागार, आणि १५२२ मध्ये त्याने विरोधकांच्या पुढाऱ्यांचा शिरच्छेद करवला, त्यात व्हिएन्नाचा महापौरही होता. घरच्याच प्रजेशी हे असं, तर परक्यांनी त्याला डोक्यावर का घ्यावं?

उत्तर आहे २९ ऑगस्ट १५२६. हंगेरीतल्या मोहाचच्या मैदानावर तुर्की सुलतान सुलेमानच्या फौजेने हंगेरीचं सैन्य काही तासांत कापून काढलं आणि पळताना वीस वर्षांचा लुई, जो आता दोन्ही राज्यांचा राजा होता, ओढ्यात बुडून मेला. त्याला औरस मूल नव्हतं. दोन मुकुट एकाच दिवशी बेवारस झाले.

फर्डिनांडने प्रागला कळवलं की बायकोच्या हक्काने राज्य माझं. बोहेमियाच्या सरदारांनी आणि शहरांच्या प्रतिनिधींनी हे मानायला साफ नकार दिला. राजा आम्ही निवडतो, म्हणाले. बव्हेरियाचे ड्यूकही रांगेत होतेच. शेवटी ऑक्टोबरमध्ये त्यांनी फर्डिनांडला निवडलं. त्याने आधीच्या राजाची देणी फेडायची, तिथल्या हुस-पंथीयांना (यान हुस या धर्मसुधारकाच्या अनुयायांना) पूर्वी मिळालेल्या धार्मिक सवलती पाळायच्या, आणि आपली निवड प्रजेच्या स्वखुशीने झाली असं लिहून द्यायचं. त्याने निमूट लिहून दिलं. १५४१ मध्ये प्रागच्या आगीत जमिनीची आणि हक्कांची सरकारी दप्तरं जळाली. मग १५४५ मध्ये नवा कागद झाला, त्यात ॲना ही वारस होती असं आलं. इतकी सोयीची आग इतिहासात क्वचितच लागते.

हंगेरीत तर दोन राजे निवडले गेले. एका गटाने नोव्हेंबरमध्ये यानोश झापोल्यई या हंगेरियन सरदाराला निवडलं, दुसऱ्याने डिसेंबरमध्ये पोझोन्यला, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हात, फर्डिनांडला. क्रोएशियाचे सरदार १ जानेवारी १५२७ रोजी चेतिनच्या गढीत जमले आणि त्यांनीही फर्डिनांडला राजा केलं. मोबदला काय मागितला? सरहद्दीच्या रक्षणासाठी त्याने १००० घोडेस्वार आणि २०० पायदळ पोसायचं. तुर्क दारात उभा होता आणि त्यांना ज्याच्याकडे शिबंदीचा खर्च उचलायची ऐपत आहे असा राजा हवा होता. फर्डिनांडचा थोरला भाऊ सम्राट पाचवा चार्ल्स होता, हे त्या हिशेबात धरलं गेलं असणारच.

या निवडीत सगळ्यांना हवं ते मिळालं असं मात्र नाही. १५४१ मध्ये हंगेरीची राजधानी बुडा तुर्कांकडे गेली, हंगेरीचे तीन तुकडे झाले, आणि ज्याला रक्षणकर्ता म्हणून निवडलं तोच १५४७ च्या तहाने सुलतानाला वर्षाला ३०,००० सोन्याची नाणी मोजू लागला.

पण त्या सरहद्दीनेच हे राज्य बांधलं. क्रोएशियातल्या ठाण्यांचा पैसा स्टायरिया, कॅरिंथिया, कार्निओला या ऑस्ट्रियन प्रांतांतून येई. जर्मन संस्थानं 'तुर्क-कर' भरत. तुर्की मुलखातून पळून आलेल्या सर्ब आणि व्लाख (बाल्कनमधले मेंढपाळ) कुटुंबांना तिथे जमीन आणि करमाफी मिळे, बदल्यात घरटी शिपाईगिरी. ते ऑर्थोडॉक्स, राजा कट्टर कॅथलिक. सरहद्दीवर ते चालवून घेतलं गेलं. सगळ्यांचा राजा एक, पण बोहेमियात तो बोहेमियाचा, हंगेरीत हंगेरीचा, प्रत्येक ठिकाणी वेगळी शपथ, वेगळी सभा, वेगळे कायदे. १५२७ पासून व्हिएन्नात खजिना आणि चॅन्सेलरी (राजाचं दप्तर) होती, १५५६ मध्ये युद्धमंडळ आलं. सामाईक म्हणावं असं एवढंच. एकत्र कारभाराला १८०४ पर्यंत धड अधिकृत नावही नव्हतं.

ही रीत घराण्याच्या स्पॅनिश शाखेतही दिसते, आणि तिथे आपला गोवा येतो. १५८० मध्ये पोर्तुगालचा मुकुट स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्याकडे गेला. १५८१ मध्ये तोमारच्या सभेत त्याने मान्य केलं की पोर्तुगालचा आणि त्याच्या वसाहतींचा कारभार पोर्तुगीजांच्याच हाती राहील. म्हणून १६४० पर्यंत गोव्याचा राजा हॅब्सबर्ग होता, तरी मांडवीकाठी व्हाइसरॉय पोर्तुगीजच येत राहिले.

करार मोडला की काय होतं, ते बोहेमियाने पाहिलं. १६१८ मध्ये प्रॉटेस्टंट सरदारांनी राजाचे दोन अधिकारी आणि एक कारकून प्रागच्या किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकले (तिघेही वाचले), पुढे तेव्हाचा हॅब्सबर्ग राजा दुसरा फर्डिनांड याला पदच्युत करून वेगळाच राजा आणला. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळ व्हाइट माउंटनच्या लढाईत ते हरले. पुढच्या जूनमध्ये प्रागच्या चौकात २७ जणांना मृत्युदंड झाला, आणि १६२७ च्या नव्या कायद्याने मुकुट वंशपरंपरागत ठरला. निवडणूक संपली.

हंगेरी तसं चिरडता आलं नाही. १६८६ मध्ये बुडा तुर्कांच्या हातून सुटल्यावर, १६८७ मध्ये तिथल्या सभेने वंशपरंपरा मान्य केली आणि राजाविरुद्ध उठण्याचा १२२२ पासूनचा हक्क सोडला. तरी १७०३ ते १७११ हंगेरियन सरदार राकोत्सीचं बंड पेटलंच, आणि ते तडजोडीने मिटवावं लागलं.

म्हणून १७४० मध्ये मारिया थेरेसा हॅब्सबर्गांच्या गादीवर आली आणि प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने तिचा सायलेशिया प्रांत बळकावला, तेव्हा तिला पोझोन्यलाच मदत मागावी लागली. ११ सप्टेंबर १७४१ ला हंगेरियन सरदारांनी 'आमचं जीवन आणि रक्त' देऊ केलं, तेही लॅटिनमध्ये, कारण सभेची भाषाच ती होती. सैन्य उभं करायचं कबूल केलं. त्याच अधिवेशनात सरदारांच्या जमिनीवर कर लागणार नाही, हेही कायद्यात पक्कं करून घेतलं. ती करमाफी १८४८ पर्यंत चालली.