‘साहेबांवर तुझा एवढा विश्वास का?’ : प्रचारातल्या कार्यकर्त्याची घालमेल

निवडणुका आल्या की हा प्रश्न हमखास येतो: “ज्याच्यासाठी रात्रंदिवस राबतोय तो उद्या वेगळाच निघाला तर? लोक मला येड्यात काढतील का?”

नवीन नाशिकमधला पंचविशीतला एक तरुण (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). अंबडच्या कारखान्यात पाळीचं काम, उरलेल्या वेळात विधानसभेच्या उमेदवारासाठी मतदार यादीवर खुणा करणं आणि चिठ्ठ्या वाटणं. वडील म्हणायचे, “सगळे एकाच माळेचे मणी.” ते त्याने पचवलं. पण मेहुण्याने शांतपणे “विश्वास का, ते तरी सांग” म्हटलं, तेव्हा तो भरल्या ताटावरून उठला. झोप उडाली ती तिथून, आणि तो समुपदेशकाकडे आला.

उमेदवार चांगला की वाईट हे ठरवणं समुपदेशकाचं काम नाही. त्याला कारणं कागदावर लिहायला सांगितलं आणि प्रत्येकापुढे एकच शब्द: पाहिलं, ऐकलं की वाटलं. नऊ कारणं निघाली, त्यातली ‘पाहिलं’ फक्त दोन. चार तर विरोधकाच्या दोषांची होती. ती खोडली, कारण समोरचा वाईट असल्याने आपला चांगला ठरत नाही.

‘साहेब फोन उचलतात’ हे पहिलं कारण. प्रत्यक्षात फोन स्वीय सहाय्यक उचलायचा, पण आत्याचा रहिवासी दाखला खरंच मार्गी लागला होता. मग वाक्य बदललं: ‘त्यांचं कार्यालय कामाला येतं.’ छोटं, पण ठाम. ‘पाण्याची लाईन आणली’ हे पत्रकातून कळलेलं. अशा वेळी महापालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात ‘काम कुणी केलं’ असं मोघम विचारू नये. कार्यादेशाची (काम सुरू करण्याच्या लेखी आदेशाची) तारीख, रक्कम आणि निधीचं लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कुठल्या खात्यातून आला ते, मागावं. उत्तर येईपर्यंत ते कारण ‘ऐकलं’मध्येच राहतं.

मग उमेदवाराचं शपथपत्र. त्यात तो आपले गुन्हे आणि मालमत्ता जाहीर करतो. हा नमुना 26 निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना पाहता येतो, तरी कार्यकर्तेच तो क्वचित उघडतात. गुन्ह्यांचा आकडा पाहून हबकू नये आणि ‘राजकीय केसेस आहेत’ म्हणून सोडूनही देऊ नये. कलम कोणतं आणि न्यायालयात आरोप निश्चित झाले का, हे दोन्ही वाचावं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37 बहुधा मनाई आदेश मोडून केलेल्या आंदोलनाचं असतं. फसवणुकीचं कलम ही वेगळीच गोष्ट. उमेदवार आधी लढला असेल तर जुनं शपथपत्र शेजारी ठेवावं. जमिनीचे भाव चढल्याने मालमत्ता फुगते, नव्याने घेतलेल्या जमिनीचं तसं नाही. खरेदीची तारीख तिथेच दिलेली असते.

कारणांचा हा कागद पदयात्रेवरून आल्यावर रात्री लिहू नये, आणि चार कार्यकर्त्यांत बसून तर नाहीच. तिथे मान हलवणं हीच शिस्त असते. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 मध्ये मांडलेली विसंगतीची मांडणी इथे लागू पडते: जितकं राबलो, तितके उमेदवाराचे दोष दिसणं जड जातं, कारण दोष मान्य केला तर स्वतःचे कष्ट वाया गेल्यासारखे वाटतात. मेहुण्यावरचा राग तिथलाच होता. त्याच्या साध्या प्रश्नाचं उत्तर हाताशी नव्हतं, एवढंच.

शेवटी रेघ कुठे ओढायची ते आधीच ठरवलं. पाकिटं वाटायला सांगितली तर काम बंद. मतासाठी पैसे देणं हा गुन्हा आहे आणि पकडला जातो तो वाटणारा पोरगा. खात्री नसलेला बदनामीचा मेसेज पुढे पाठवायचा नाही. हे दोन्ही त्याने वॉर्डप्रमुखाला प्रचार ऐन भरात येण्याआधी सांगितलं. ऐन वेळी सांगितलं असतं तर ‘फुटला’ असा शिक्का बसला असता. वॉर्डप्रमुख कुरकुरला आणि त्याला फक्त यादीच्या कामावर ठेवलं. मेहुण्याला त्याने आत्याच्या दाखल्याचं सांगितलं, पाण्याच्या लाईनचं अजून माहीत नाही म्हणाला. वडिलांचं मत काही बदललं नाही.