पाळी गेल्यानंतरची कंबरदुखी इस्ट्रोजेनमुळे असते का?

तुम्ही लिहिलंय, आईंचं वय ६१, पाळी जाऊन बारा-तेरा वर्षं झाली, कंबर सतत दुखते, आणि शेजारच्या काकू म्हणतात, “इस्ट्रोजेन कमी झालंय, त्याच्या गोळ्या सुरू कर.”

मी डॉक्टर नाही. सदाशिव पेठेत राहते आणि पन्नाशीपासून स्वतःची कंबर सांभाळतेय. काकूंचं अर्धं खरं आहे. इस्ट्रोजेन म्हणजे बायकांचं हार्मोन. दोन मणक्यांमधल्या गादीच्या पेशींवरही त्याचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटून काम करतं त्या जागा, असतात. इस्ट्रोजेन कमी झालं की गादीची पाणी धरून ठेवायची ताकद घटते, ती चपटी होते आणि भार मागच्या छोट्या सांध्यांवर येतो. तरुणपणी ही झीज पुरुषांत जास्त दिसते. पाळी गेली की बायका त्यांना गाठतात. पण एमआरआयमधली झीज आणि प्रत्यक्ष दुखणं यांचं गणित जुळतंच असं नाही, त्यामुळे रिपोर्ट वाचून घाबरू नका.

गोळ्यांचं मात्र थांबा. नुसत्या कंबरेसाठी त्या देत नाहीत. अमेरिकेत २००२ साली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हार्मोनच्या एकत्र गोळ्यांची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. पाळी गेल्यावर पहिल्या दहा वर्षांत, अंगातून वाफा निघण्याचा फार त्रास असेल तर डॉक्टर विचार करतात. आईंची ती वर्षं उलटली आहेत.

मला उपयोग झाला तो फिजिओथेरपिस्टच्या व्यायामांचा आणि एका पाटाचा. पोळ्या लाटताना एक पाय पाटावर, थोड्या वेळाने दुसरा. पट्टा लावून पडून राहिले तेव्हा उलट जास्त आखडले. आता पर्वतीही चढते, हळूहळू.

आणि डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या. त्यातला टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेतला आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ झालीत, आणि त्यावर औषधं आहेत. माझ्या जाऊबाईंची कंबर बसमध्ये मागच्या सीटवर, स्पीडब्रेकरच्या एका दणक्याने धरली. मणका दबला होता. त्याआधी वर्षभर त्या म्हणत होत्या, गाउन सैल झालाय, पायात येतो. गाउन तेवढाच होता, त्याच बुटक्या झाल्या होत्या.

पायाला मुंग्या येऊन जोर जात असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, तर हे उत्तर वाचत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.