घराचा विमा लॅप्स झाला म्हणून बँकेनं गृहकर्जात पैसे चढवले. परत मिळतील का?

निपाणीकर, बँकेनं न सांगता पॉलिसी काढली, प्रीमियम कर्जात चढवला आणि विचारलं तर "करारात आहे" म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. करारात असतंच ओ. घर गहाण आहे तोवर विमा चालू ठेवायचा, नाहीतर बँक काढणार आणि पैसे आपल्याकडून घेणार, या कलमाखाली आपली सही असते. "का काढला?" यावर भांडाल तर हराल. वडगावच्या घरापायी मी दोन महिने त्यातच घालवले.

भांडायचं ते तारखांवर आणि रकमेवर. माझी पॉलिसी संपल्यावर ३८ दिवसांनी मी नवी काढली होती. बँकेनं मात्र अख्ख्या वर्षाचा प्रीमियम लावला, तोही मंजूर कर्जावर, म्हणजे ३२ लाखांवर. जागा जळते काय? विमा बांधकामाचा, आणि माझं बांधकाम १९ लाखांचं. २०२१ पासूनची 'भारत गृह रक्षा' पॉलिसीही बांधकामाचाच खर्च धरते.

मग लेखी मागितलं: बँकेच्या पॉलिसीची प्रत, प्रीमियमची पावती, मला नोटीस कधी आणि कुठं पाठवली ते. नोटीस गेली होती शहापूरच्या जुन्या भाड्याच्या घरी! माझी नवी पॉलिसी जोडून लिहिलं, ३८ दिवसांचे घ्या, बाकीचे व्याजासकट परत करा. काउंटरवर "मेल करा" म्हणाले. मेल केलाच, पण पत्रावर शिक्का मारून पोचही घेतली. पैसे आले, व्याजासाठी आणखी एकदा लिहावं लागलं.

३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा, फी नाही. कन्नडात लिहू की इंग्रजीत, यातच कर्नाटकातल्या आपल्या मराठी माणसांचा निम्मा जीव जातो. रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या तक्रार केंद्राला टपालानं तक्रार कुठल्याही भाषेत चालते. मी मराठीतच मसुदा करून ठेवला होता. कर्ज हाऊसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर मात्र नॅशनल हाऊसिंग बँकेकडं जावं लागतं.

वाद चालू आहे म्हणून ईएमआय थांबवू नका, सिबिल तुमचाच बिघडेल. आणि स्वतःची पॉलिसी अजून काढली नसेल तर आधी ती काढा, परतावा त्याच तारखेपासून मागता येईल. वेदगंगेकाठी घर असेल तर २०१९ च्या पुराचं पाणी तुम्हाला मी काय सांगू.

दोन्ही पॉलिसींच्या तारखा इथं टाका, पत्र कसं लिहायचं ते सांगतो.