पेडिग्रीचा तक्ता वाचताना

पेडिग्री म्हणजे भारी जात, असं तू धरून चालला आहेस. तसं नाही. पेडिग्री म्हणजे जनावराची नोंदलेली वंशावळ, मग ती नामांकित असो की सुमार. शब्द जुन्या फ्रेंचमधला, मूळ अर्थ ‘क्रौंचाचा पाय’. कुळाच्या तक्त्यात पूर्वजापासून वंशजांकडे फुटणाऱ्या रेघा त्या पक्ष्याच्या पंजासारख्या दिसत. आधी तो माणसांच्या कुळांसाठी होता, जनावरांना नंतर चिकटला.

शिकायचं तर रेसच्या घोड्यांपासून सुरुवात कर, नोंदी तिथे फार कडक. इंग्लंडचं जनरल स्टड बुक, म्हणजे या घोड्यांच्या वंशावळींची नोंदवही, १७९१ साली निघालं. आजच्या थरोब्रेडची (रेसच्या घोड्यांची ही जात) बापाकडची ओळ मागे नेली की बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन किंवा गोडॉल्फिन अरेबियन या तीन मूळ घोड्यांपैकी एकावर पोचते; बहुतेकदा डार्लीवरच.

तक्त्यात वरचा भाग बापाचा, खालचा आईचा. नवखे वरचाच वाचतात, कारण गाजलेली नावं तिथे असतात. तू खालचा आधी वाच. मागणी असलेल्या घोड्याला एका हंगामात शंभरावर शिंगरं होतात, घोडीला वर्षाला फार तर एक. म्हणून तिच्या आधीच्या शिंगरांनी काय केलं ते नीट बघ. गंमत म्हणजे, बाप एक आणि आई वेगळी असेल तर या धंद्यात सावत्र भाऊ म्हणतच नाहीत. ते नातं आईवरूनच ठरतं.

आणि ‘३×४’ दिसलं तर गोंधळू नकोस. एकच पूर्वज बापाकडून तिसऱ्या, आईकडून चौथ्या पिढीत आला आहे, एवढंच.